वेशीबाहेरचा नाच

सीमेवर राहणाऱ्या माणसाला अर्थशास्त्राचा पहिला धडा शाळेत शिकवावा लागत नाही. रस्त्यावर आडवा बांबू दिसला आणि खाकी कपड्यातला माणूस पिशवीत डोकावला, की रेषेच्या अलीकडचा भाव आणि पलीकडचा भाव यांतले अंतर त्याला आपोआप कळते. आमच्या जोयडा तालुक्यात हा धडा अनमोडला मिळतो. बेळगावहून पणजीला जाणारा रस्ता रामनगर मागे टाकून अनमोडला येतो. पुढे घाट उतरला की मोले, म्हणजे गोवा. गोव्यात दारूवरचा कर कमी, कर्नाटकात जास्त. त्यामुळे खालच्या बाटलीवर ती गोव्यातच विकण्यासाठी आहे, अशा अर्थाचा मजकूर छापलेला असतो आणि ती घाट चढून वर येऊ नये म्हणून नाक्यावर अबकारी खात्याची माणसे गाड्या तपासतात. बाटली तीच, आतला पदार्थही तोच; पण मध्ये एक रेष आली की खाली जो स्वस्त माल, तोच वर गुन्हा ठरतो.

फ्रेंच चित्रांवरच्या लेखाची सुरुवात अनमोडच्या नाक्यावर कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. माझा व्यवसाय मुलांना चित्रकला शिकवण्याचा. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकारांनी पॅरिसच्या आसपासची, उघड्यावरची, नाचगाण्याची मद्यगृहे पुनःपुन्हा रंगवली आणि त्या चित्रांच्या छापील प्रती पाहतच आमच्यासारख्यांची नजर तयार झाली. ऊन, झाडे, गवताच्या टोप्या, नाचणारी जोडपी. ती चित्रे सुंदर आहेत हे कळायला पुस्तक लागत नाही. पण ही मद्यगृहे नेमकी त्याच टेकडीवर आणि त्याच नदीकाठी का होती, या प्रश्नाचे उत्तर चित्रात सापडत नाही. ते नाक्यावर सापडते. आणि नाक्याची भाषा आपल्यासारख्या सीमाभागातल्या लोकांना पॅरिसच्या रसिकापेक्षाही लवकर उमगते, असे माझे मत आहे.

भिंत आणि आंबट दारू

या मद्यगृहांना फ्रेंचमध्ये ‘गँगेत’ म्हणतात. उच्चार ऐकून कोणाला पुण्यस्नान आठवेल, पण इथली बुडी द्राक्षाच्या रसातली. पॅरिसभोवतालच्या टेकड्यांवर पूर्वी द्राक्षमळे होते आणि त्यांतून निघणाऱ्या हलक्या, आंबट दारूला ‘गँगे’ म्हणत. तिच्यावरून मद्यगृहाला हे नाव पडले, असे मानतात.

शहरात येणाऱ्या मालावर वेशीवरच जकात घ्यायची, ही पद्धत आपल्याला परकी नाही. कर्नाटकातली जकात १९७९ साली गेली, मुंबईची तर २०१७ च्या जुलैपर्यंत टिकली. जकातनाक्यावर ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना पॅरिसचे जुने चित्र डोळ्यांपुढे आणणे कठीण जाऊ नये. पॅरिसच्या वेशीवर दारूची जकात पिंपाच्या मापाने घेतली जाई. आतली दारू कोणत्या प्रतीची, हे कोणी पाहत नसे. उमरावाच्या जुन्या, मुरलेल्या मद्याला जेवढी जकात, तेवढीच सुताराच्या आंबट पाण्याला. उंची मद्याच्या किमतीत ती कुठल्या कुठे विरून जाई. गरिबाच्या प्याल्यात मात्र दारूपेक्षा जकातच जास्त, अशी अवस्था होई. मग गरिबाने सोपा मार्ग काढला. दारू आत येत नसेल तर आपण बाहेर जावे. वेस ओलांडली की तीच दारू स्वस्त. रविवारी दुपारी घरदार घेऊन पायी निघायचे, वेशीबाहेरच्या मांडवाखाली बसायचे आणि संध्याकाळी परत यायचे, अशी रीत पडली.

अठराव्या शतकाच्या मध्यावर बेलव्हील गावाच्या वाटेवर राँपोनो नावाच्या माणसाने असा एक गुत्ता चालवला. शेजाऱ्यांपेक्षा थोडा कमी भाव, एवढेच त्याचे भांडवल. पण १७६० च्या सुमारास त्याचे नाव इतके गाजले की मजुरांची गंमत पाहायला उमराव स्त्रीपुरुषही तिथे जाऊ लागले. श्रीमंतांना गरिबांची मजा पाहण्याची हौस असते, ती अशी जुनी आहे. या हौसेकडे आपल्याला पुढे पुन्हा यायचे आहे.

त्या काळी फ्रान्समध्ये कर वसूल करण्याचे काम इजाऱ्याने दिले जाई. धनिक इजारदारांची एक मोठी संस्थाच होती. सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि लोकांकडून जमेल तितकी काढायची. आपल्या मुलखातल्या जुन्या महसुलाच्या कागदांत हा शब्द आणि ही रीत दोन्ही भेटतात. चोरटी दारू शहरात येऊन आपले नुकसान होते, म्हणून या इजारदारांनी १७८४ पासून पॅरिसभोवती एक भिंतच बांधायला घेतली. सुमारे २४ किलोमीटर लांब आणि तीन मीटरहून उंच. ती शत्रूला अडवण्यासाठी नव्हती, पिंपाला अडवण्यासाठी होती. तिच्या दरवाजांवर क्लोद-निकोला लदू या वास्तुकाराने देवळासारखे खांब असलेल्या भव्य चौक्या उभारल्या. भिंतीची मूळ कल्पना लाव्हाझिएची, असे सांगतात. प्राणवायूच्या संदर्भात आपण शाळेत ज्याचे नाव वाचतो तोच हा शास्त्रज्ञ; तोही इजारदारांपैकी एक होता आणि १७९४ साली इतर इजारदारांबरोबर त्याचाही शिरच्छेद झाला.

भिंत उठली तशी चोरवाटाही निघाल्या. भिंतीखालून भुयारे खणली गेली, दारू चोरून आणण्याच्या नाना युक्त्या झाल्या. बास्तीयचा तुरुंग १४ जुलै १७८९ ला पडला, हे आपण पाठ केलेले असते. त्याच्या दोनच दिवस आधी पॅरिसच्या लोकांनी जकातीच्या चौक्या जाळायला सुरुवात केली होती, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. राज्यक्रांतीने १७९१ साली ही जकात रद्द केली. पण सरकार कोणतेही असो, त्याला पैसा लागतोच. १७९८ साली जकात परत आली, आणि तिच्याबरोबर वेशीबाहेरच्या मांडवांची भरभराटही.

पवित्र सोमवार

गँगेत म्हणजे नुसता गुत्ता नव्हे, हे इथे नीट सांगायला हवे. गुत्ता म्हटला की आपल्यापुढे अंधारी खोली, काळवंडलेले बाक आणि तोंड लपवून बाहेर पडणारा पुरुष येतो. गँगेतला छप्परच नसे, किंवा असले तर वेलींचे. बाग, लाकडी मेजे, मुलांना झोपाळे, कडेला फळ्यांच्या मंचावर दोनचार वादक. घरून आणलेली भाकरतुकडी तिथेच सोडायची, दारू तेवढी मालकाची घ्यायची. नवरा, बायको, म्हातारी, कडेवरचे मूल, सगळे एका मेजाभोवती. शिवणकाम करणाऱ्या पोरी, धोबिणी, छापखान्यातले खिळे जुळवणारे, गवंडी, कारकून, रजेवरचे शिपाई, असा सगळा मेळा.

आणि नाच. १८४० च्या दशकात पोल्का आला, वॉल्ट्झ त्याआधीपासून होता, चौघाचौघांचा काद्रीयही होता. या नाचाची एक गोष्ट आपल्या माणसाला विशेष वाटेल. इथे नाचणारा वेगळा आणि पाहणारा वेगळा नव्हता. आपल्याकडे तमाशाचा फड उघड्या माळावर कनातीत लागतो, पण बोर्डावर नाचणारी एक आणि समोर बसलेले शेकडो. गँगेतमध्ये ज्याने प्याला खाली ठेवला तोच नाचायला उठे. पैसे मिळवण्यासाठी कोणी कोणापुढे नाचत नव्हते.

रविवारी नाचून भागत नसे. कामगार सोमवारीही कामावर दांडी मारत आणि त्या दांडीला त्यांनी ‘पवित्र सोमवार’ असे साधुसंताचे नाव दिले होते. कारखानदार आणि धर्मगुरू दोघेही त्यावर चिडत. दारूने संसार उद्ध्वस्त होतात, हे तेव्हाही खरे होते. एमिल झोलाची ‘लासोम्वार’ ही कादंबरी त्याच उद्ध्वस्ततेची आहे, आणि ती सुरू होते ती नायिका खिडकीतून जकातीच्या नाक्याकडे पाहत असताना. १८७६ साली ही कादंबरी क्रमशः छापून येऊ लागली. ते साल ध्यानात ठेवावे.

रेष सरकते

रेषेवर वाढलेल्या वस्तीचे नशीब रेषेच्या हाती असते. १ जानेवारी १८६० रोजी पॅरिसने भोवतालची गावे आपल्यात सामील करून घेतली. शहराचे बारा विभाग होते, त्यांचे वीस झाले. बेलव्हील आणि मोंमार्त्र ही कालची खेडी आज राजधानीची पेठ झाली. जकातीची हद्द जुन्या भिंतीवरून उठून बाहेरच्या तटापर्यंत गेली आणि जुनी भिंत पाडण्यात आली. बेलव्हीलची दारू एका रात्रीत महागली. मांडव तोच, मालक तोच, पिंपही तेच. पण मुळात ज्या कारणाने लोक तिथे येत होते ते कारणच उरले नाही.

मग गँगेत आणखी बाहेर सरकल्या, सेन आणि मार्न नद्यांच्या काठी. त्या कामी आगगाडी आली. सेनच्या बाजूची शातूकडची गाडी १८३७ सालापासून होती, मार्नच्या बाजूची १८५९ साली सुरू झाली. आता वेशीपर्यंत पायी जायचे कारण नव्हते; अर्ध्या तासात नदी. शातू, बूजिव्हाल, नोजाँ, जोइनव्हील ही नावे होड्या, तळलेले मासे आणि नाच यांच्याशी जोडली गेली. नदीकाठी आलेले गिऱ्हाईकही थोडे बदलले. मजूर होतेच, पण आता होडी भाड्याने घेणारा कारकून, पत्रकार, दुकानदाराचा मुलगा, सुटीवरचा चित्रकार हेही येऊ लागले.

रेष सरकण्याचा अनुभव आमच्या तालुक्यानेही घेतला आहे. कॅसल रॉक हे छोटे स्थानक आमच्याच तालुक्यात आहे. १८८८ च्या सुमारास मुरगावहून दूधसागरच्या घाटातून गाडी वर आली, तेव्हा कॅसल रॉक हे ब्रिटिश हद्दीतले पहिले स्थानक होते आणि खाली कुळे हे पोर्तुगीज हद्दीतले शेवटचे. या रेल्वेचे मूळ १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहात आहे, आणि त्याच तहाने मिठाचे आणि दारूचेही नियम बदलले. १८८० पासून दोन्ही मुलखांमधली जकातीची रेष उठली, पण त्याची किंमत म्हणून गोव्यातल्या माडीवर आणि दारूवर ब्रिटिश हद्दीच्या धर्तीवर अबकारी बसली. १८९२ साली तह संपला आणि रेष परत आली. पुढे कित्येक वर्षे कॅसल रॉकला गाडी थांबे, पेट्या उघडल्या जात, मग गाडी पुढे निघे.

पुढची गंमत आणखी मोठी. कारवार जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता आणि १९५६ पर्यंत मुंबई राज्यात राहिला. १९४९ चा दारूबंदी कायदा झाला, १९५० मध्ये राज्यभर बंदी लागू झाली, आणि आमचा घाटमाथा कायद्याने कोरडा पडला. घाटाखाली मात्र काजूची फेणी आणि उर्राक उघड्या दुकानात. तिथल्या तावेर्नच्या मेजावर प्याला आणि वरच्या जंगलात तीच बाटली गवताच्या भाऱ्यात. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, दोन देशांमधली रेष पुसली गेली, तरी कराची रेष जागेवरच राहिली. ती आजही अनमोडला उभी आहे. देशाच्या सीमा रक्त सांडून पुसता येतात, करांच्या सीमा त्याहून चिवट असतात.

कॅनव्हासवरचे ऊन

आता चित्रांकडे येऊ. १८६९ च्या उन्हाळ्यात क्लोद मोने आणि ओग्युस्त रेन्वार हे दोन तरुण, खिसे रिकामे असलेले चित्रकार सेनकाठच्या ‘ला ग्रनूयेर’ या जागी शेजारी शेजारी कॅनव्हास लावून बसले. नावाचा अर्थ बेडकांचे डबके. पाण्यावर तरंगणारे खानपानगृह, पोहण्याची जागा आणि नाच असा तिथला थाट होता. दोघांनी रंगवले ते मुख्यतः पाणी. लाटेवर मोडणारे प्रकाशाचे तुकडे वेगळ्या, तुटक फटकाऱ्यांनी मांडायचे हे तंत्र त्यांनी तिथे घटवले, आणि पुढे ज्याला दृक्प्रत्ययवाद म्हटले गेले त्याची पाळेमुळे अशी एका मद्यगृहाच्या पायरीवर सापडतात.

सर्वांत प्रसिद्ध चित्र रेन्वारचे, ‘मुलाँ द ला गालेतमधला नाच’, १८७६ सालचे. झोलाची कादंबरी आली तेच हे साल. मोंमार्त्रच्या टेकडीवर जुन्या पवनचक्क्या होत्या. दब्रे नावाच्या घराण्याने चक्कीशेजारी नाचाची बाग उघडली होती आणि तिथे राईच्या पिठाची दशमीसारखी चपटी भाकर मिळे. तिचे नाव गालेत, म्हणून चक्कीचे नाव ते. रेन्वार शिंप्याचा मुलगा. तेराव्या वर्षापासून चिनी मातीच्या भांड्यांवर फुले रंगवून त्याने पोट भरले होते. त्याने जवळच र्‍यू कोर्तोवर खोली भाड्याने घेतली, आणि १३१ बाय १७५ सेंटिमीटरचा कॅनव्हास मित्रांच्या मदतीने उचलून बागेत नेऊन काम केले, असे त्याचा मित्र जॉर्ज रिव्हिएर याने लिहून ठेवले आहे. चित्रातले पुरुष बरेचसे त्याचे चित्रकार आणि लेखक मित्र. मुली मोंमार्त्रच्याच, शिवणकाम वगैरे करून राहणाऱ्या.

झाडांच्या पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे माणसांच्या कोटांवर, टोप्यांवर, जमिनीवर पडले आहेत. सावली काळी नाही, जांभळी-निळी आहे. पॅरिसच्या कित्येक समीक्षकांना त्या वेळी असल्या सावल्या म्हणजे डाग वाटले. आमच्या वर्गातल्या मुलांना हे चित्र दाखवले तेव्हा त्यांना समजावून सांगावे लागले नाही. सागाच्या आणि सुपारीच्या बागेत वाढलेल्या मुलाला पाठीवरचा कवडसा ठाऊक असतो.

पण या चित्रात काय नाही, तेही पाहावे. इथे कोणीही दमलेले नाही, कोणी झिंगून पडलेले नाही. मोंमार्त्रच्या याच टेकडीवर १८ मार्च १८७१ रोजी तोफांवरून पॅरिस कम्यूनचा उठाव पेटला आणि मे महिन्यात हजारो माणसे मारली गेली. त्याला पाचच वर्षे झाली होती. नाचणाऱ्यांपैकी किती घरांत तेव्हा माणूस गेला असेल! चित्रात त्याची सावलीही नाही. आणि तो नाकाही नाही. मोंमार्त्र १८६० लाच शहरात आले होते, म्हणजे रेन्वार पोचला तोवर ही जागा ज्या स्वस्ताईने घडवली ती स्वस्ताई जाऊन सोळा वर्षे झाली होती. चित्रकार बहुधा असाच पोचतो, वस्तू हातची जाऊ लागल्यावर.

यावरून रेन्वारला खोटा म्हणू नये. आठवडाभर वाकून शिवणाऱ्या मुलीला रविवारी तीन तास पाठ ताठ करून नाचता आले, हेही खरेच होते, आणि कॅनव्हासवर मांडण्याइतके मोठे होते. तोवर मोठा कॅनव्हास देवांचा, राजांचा आणि लढायांचा. त्या मापात त्याने शिंपिणींना बसवले. पुढे १८८०-८१ मध्ये त्याने शातूच्या फुर्नेझ खानावळीच्या सज्जात ‘नौकाविहाराची मेजवानी’ रंगवली आणि १८८३ साली ‘बूजिव्हालचा नाच’.

इतरांनी वेगळे पाहिले. १८८६ साली पॅरिसला आलेल्या व्हिन्सेंट व्हॅन गॉगने त्याच वर्षी मोंमार्त्रचीच एक बाग रंगवली. चित्राचे नाव सरळ ‘ला गँगेत’. वेलींचे मांडव आहेत, मेजे आहेत, दिव्याचा खांब आहे. पण रंग करडे-पिवळे, आभाळ थंड आणि माणसे मोजकी. नाच नाहीच. हंगाम संपत आलेली जागा कशी दिसते ते या चित्रात आहे. १८८९ मध्ये तूलूझ-लोत्रेकने मुलाँ द ला गालेतच रंगवले. मध्ये तिरकी लाकडी फळी, तिच्या अलीकडे वाट पाहत बसलेल्या बायका आणि एक हॅटवाला पुरुष, मागे अंधुक गर्दी. कोणी कोणाकडे पाहून हसत नाही. एकाच जागेची तेरा वर्षांच्या अंतराने काढलेली ही दोन चित्रे शेजारी ठेवली की कोणते खरे, असा प्रश्न मुले विचारतात. दोन्ही खरी. एकाला नाचणारे दिसले, दुसऱ्याला ज्यांना नाचायला कोणी बोलावले नाही ते.

नंतरचे नशीब तर कोणाला कथेत शोभेल असे. रेन्वारच्या या चित्राची एक लहान आवृत्ती होती. १९९० च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या लिलावात एका जपानी कागद उद्योगपतीने ती ७ कोटी ८१ लाख डॉलरांना घेतली. जकात चुकवायला वेशीबाहेर गेलेल्या माणसांच्या नाचाची ही किंमत. राँपोनोच्या गुत्त्यात गंमत पाहायला जाणाऱ्या उमरावांची परंपरा अशी अखंड चालू राहिली.

मांड

आपल्याकडे याला जवळचे काय? मी पुष्कळ विचार केला, आणि मला वाटते, गँगेतमध्ये जे एकत्र होते ते आपल्याकडे दोन जागी वाटले गेले. दारू तावेर्नमध्ये आणि नाच मांडावर. मांड म्हणजे गोव्यात आणि लगतच्या गावांत नाचासाठी राखलेली मोकळी जागा. शिगम्याला ढोलताशे, रोमटे तिथे. पौषाच्या रात्री बायकांचे धालो तिथे. मांड पवित्र. तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालायचे, चपला काढायच्या. तिथे मेजे नाहीत, मालक नाही, विक्री नाही. तरीही गँगेतशी त्याचे खरे नाते आहे. इथेही नाचणारे आणि पाहणारे वेगळे नाहीत, डोक्यावर आभाळ आहे, आणि आठवडाभर, किंबहुना वर्षभर, वाकलेली पाठ इथे ताठ होते. कुणबी बाईची फुगडी पाहिली आहे त्याला हे सांगायला नको.

आणि रेष सरकते तेव्हा मांडाचे काय होते, हेही आम्ही पाहिले. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे सुपा गाव तालुक्याचे ठाणे होते. १०१ मीटर उंचीचे धरण झाले, १९८७ साली काम पुरे झाले, सुपा पाण्याखाली गेले आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या. माणसे रामनगरला आणि इतरत्र विखुरली. घराची, जमिनीची भरपाई मोजता येते. कमी दिली, जास्त दिली, असे भांडता तरी येते. मांडाचे मोजमाप कोणत्या रकान्यात घालायचे? बेलव्हीलच्या मांडवांवरून शहराची हद्द गेली, आमच्यावरून पाण्याची.

आज धरणाखाली गणेशगुडीच्या अंगाला काळीच्या प्रवाहात रबरी होड्या सोडतात. शनिवार-रविवारी बेळगाव, हुबळी, पुणे, गोवा इथून गाड्या येतात, नदीकाठच्या रिसॉर्टांत मुक्काम होतो, दिवसा होडी आणि रात्री संगीत. शातूची आठवण येण्यासारखेच आहे सगळे. शहर दमले की नदीकाठी येते, हा नियम मार्नला लागू तसा काळीलाही. त्यात वाईट काही नाही. गावच्या चार पोरांना काम मिळते. फक्त या मंडळींनी काढलेल्या फोटोंत जो जोयडा दिसतो तो पाहुण्यांचा जोयडा आहे. पाहुण्याची नजर प्रेमळ असली तरी ती पाहुण्याचीच.

म्हणून मला त्या फ्रेंच चित्रांमधली एकच व्यक्ती अधिक जवळची वाटते. ‘बूजिव्हालचा नाच’ या चित्रात लाल टोपी घालून, मान वळवून नाचणारी जी तरुणी आहे, ती सुझान व्हालादों. जन्म १८६५. आई कपडे धुऊन आणि मोलमजुरी करून पोट भरणारी, वाढली मोंमार्त्रच्या रस्त्यांवर. लहानपणीच सर्कशीत कसरती करू लागली, पडून जायबंदी झाली, मग चित्रकारांपुढे बसू लागली. रेन्वारपुढे बसली, लोत्रेकपुढे बसली. बसल्या बसल्या त्यांचे हात पाहत राहिली आणि घरी येऊन स्वतः काढू लागली. दगाने तिची रेखाटने पाहून तिला धीर दिला. १८९४ साली तिची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. पुढे ती राहिली ती र्‍यू कोर्तोवरच्या त्याच घरात, जिथे रेन्वारने नाचाचे चित्र काढताना खोली घेतली होती. तिने रंगवलेली आई थकलेली आहे, तिच्या बायका अंग पुसतात, मुलाला न्हाऊ घालतात. कोणी पाहत आहे म्हणून त्या सजलेल्या नाहीत. चित्रात असलेली बाई चित्र काढू लागली की काय बदलते, ते तिथे दिसते.

मध्यंतरी मी वर्गात सगळ्यांना चवथीची फुगडी काढायला सांगितली. बहुतेकांनी पाठ्यपुस्तकात असते तशी काढली, बाजूला उभे राहून पाहिल्यासारखी, गोल फेर आणि ओळीने बायका. एका कुणबी मुलीच्या कागदावर फेर नव्हताच. समोर दोन बायकांचे हसणारे, घामेजलेले चेहरे होते, एकीची वेणी हवेत गेलेली, आणि कागदाच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून वर आलेले, बांगड्या भरलेले दोन हात. मी विचारले, हे हात कोणाचे?

ती म्हणाली, ‘‘माझे, सर. मी नाचतेय ना.’’